आठ वॉटचा संसार

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टू-इन-वन आला, त्यांना त्याच्यावरचं चंदेरी स्टिकर आठवत असेल. यंत्र सहा सेलांवर चालणारं आणि स्टिकरवर ठळक अक्षरांत '१००० वॉट पीएमपीओ'. सहा सेलांतून हजार वॉट निघत असते तर कोयनेचं धरण बांधायची दगदग कोणी केली नसती. पण हा हिशोब तेव्हा कोणी मांडला नाही. आपण तो आकडा शेजाऱ्यांना ऐकवला आणि शेजाऱ्यांनी पुढच्या दिवाळीला २००० वॉटवाला आणला. तेव्हापासून वॉट म्हटलं की आपण आकडा चढवतच आलो आहोत. गणपतीत तर कोणत्या मंडळाची भक्ती किती वॉटची आहे, हे दोन चौक आधीच छातीत कळतं.

अशा या मुलखात आमच्या दाजींनी आठ वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला.

आठ. बाथरूममधला एलईडी बल्ब नऊ वॉटचा असतो. आणि या आठ वॉटला त्यांनी जी रक्कम मोजली, तिच्यात एक बऱ्यापैकी सेकंडहँड मोटार आली असती. हे वाक्य माझं नाही, ताईचं आहे. ती ते दर पाहुण्याला चहाबरोबर देते.

दाजी बँकेतून निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी हातात आली आणि ज्या वयात लोक गुडघ्याच्या वाट्या बदलून घेतात, त्या वयात दाजींना व्हॉल्व्ह लागले. त्यांच्या लहानपणी घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवल्यावर जरा वेळाने तो बोलायला लागायचा, आणि स्टेशन नीट लागलं की समोरचा हिरवा डोळा मिटायचा. तो डोळा दाजींच्या मनात पन्नास वर्षं उघडाच होता म्हणायचा.

आता घरात आलेल्या यंत्राला झाकण नाही. काळ्या पत्र्याची बैठक, तिच्यावर पुढे दोन छोटे व्हॉल्व्ह, मागे दोन मोठे, रुंद खांद्यांचे. त्यांचं नाव ३००बी. त्यांच्या पाठीमागे तीन काळे चौकोनी ट्रान्सफॉर्मर. सगळं वजन त्या तिघांचं. एकट्याने उचलायला गेलात तर ऑर्थोपेडिककडे जावं लागेल. चालू केलं की काचेच्या आत नारिंगी तार उजळते, आणि दाजींचा चेहराही. हा ३००बी वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने १९३० च्या दशकात काढला, ट्रायोड जातीचा. त्याच्याही आधी, १९०६ मध्ये, ली डी फॉरेस्टने काचेच्या फुग्यात तिसरी तार घालून ट्रायोडचा पाया घातला होता. म्हणजे ज्या विद्येला शंभराहून जास्त वर्षं झाली, ती दाजींनी हप्त्यांवर घेतली.

वरून हा व्हॉल्व्ह खादाड. आतली तार तापवायला सहा वॉट, पुढे साडेतीनशे व्होल्टवर वीस-बावीस वॉट. एवढं घेऊन तो परत देतो आठ. दोन व्हॉल्व्ह, त्यांच्या आधीची मंडळी आणि ट्रान्सफॉर्मरचं नुकसान धरून भिंतीतून दीडशेच्या आसपास वॉट ओढले जातात. गाणं लागलेलं असो की नसो, ओढ तेवढीच. उरलेली सगळी उष्णता दिवाणखान्यात. त्यात छताचा पंखा चालू असला की तानपुरा नीट ऐकू येत नाही, म्हणून दाजी पंखा बंद करतात. पुण्यातल्या मे महिन्यात, दुपारी, पंखा बंद करून, दीडशे वॉटच्या शेगडीसमोर मारवा ऐकलाय कधी? मी ऐकलाय. मारव्यात व्याकुळता असते असं पुस्तकात लिहितात. ती त्या दिवशी माझ्या सदऱ्याला लागली होती.

तर असा हा अ‍ॅम्प्लिफायर. त्याला स्पीकर जोडायचा.

अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या जुळणीला सगळे लग्नाची उपमा देतात. ती मला पटत नाही. पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जुळले तरी मांडव पडतो. इथे पाहायचे गुण दोनच, डेसिबल आणि ओहम, आणि त्यांतला एक फसला तरी रोज संध्याकाळी ऐकू येतं. गंमत अशी की हे दोन्ही आकडे माहितीपत्रकात छापलेले असतात, फुकट मिळतात, पाच मिनिटांत ताळा होतो. आणि नेमके तेवढे सोडून लोक लाकडाचा रंग, वायरीची जाडी, व्हॉल्व्हच्या बुडाला सोन्याचा मुलामा आहे का, असलं सगळं बघत बसतात.

पहिला गुण घेऊ. स्पीकरला एक वॉट द्यायचा आणि एक मीटर लांबून आवाज मोजायचा. जो आकडा येतो ती त्याची सेन्सिटिव्हिटी, डेसिबलमध्ये. हा हिशोब चक्रवाढ व्याजापेक्षा निर्दय आहे. तीन डेसिबल वाढवायचे तर वॉट दुप्पट. दहा वाढवायचे तर वॉट दसपट. आणि दसपट वॉट ओतल्यावर कानाला आवाज वाटतो जेमतेम दुप्पट. ज्या माणसाने तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासले, त्याला हे सांगायची गरज पडू नये. पण पैसे स्वतःचे असले की बँकवाल्यांचाही ताळा चुकतो.

दाजींकडे आधीपासून एक इंग्लिश वळणाची छोटी जोडी होती. नाव सांगत नाही. सत्तरच्या दशकात बीबीसीने आपल्या बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत ठेवायला एलएस३/५ए नावाचा एक चिमुकला स्पीकर तयार केला. फूटभर उंच, पण माणसाचा आवाज असा की ऐकत राहावं. दाजींचा स्पीकर त्याच घराण्यातला. या घराण्याचा आकडा ८२-८३ डेसिबल. म्हणजे आवाज गोड, पण खर्चिक. त्याला पुश-पुल जातीचा, दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने राबणारा, तीसेक वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर दिला तर तो आनंदाने गातो. ईएल३४ व्हॉल्व्हवाले असे अ‍ॅम्प्लिफायर दाजींच्या निम्म्या किमतीत मिळत होते. पण दाजींना सिंगल-एन्डेडच हवा होता. सगळा भार एकट्याने वाहणारा एक व्हॉल्व्ह. त्यात म्हणे एक सच्चेपणा असतो.

पहिल्या दिवशी भीमसेन लावले. सुरुवातीचे आलाप सुंदर आले, अगदी खोलीत बसल्यासारखे. मग पंडितजी तारसप्तकाकडे निघाले आणि दाजी आवाजाच्या बटणाकडे. बटण संपलं, पंडितजी बाकी होते. तान आली तेव्हा आवाज दबला, पसरला, लोकरीचा झाला. तेवढ्यात स्वयंपाकघरात ताईने चटणी वाटायला घेतली. तिचा मिक्सर ७५० वॉटचा. त्यापुढे किराणा घराण्याचं काही चाललं नाही.

"अहो, हे आठ वॉट तुम्ही सुटे घेतले की किलोवर?" ताईने आतून विचारलं.

एक गोष्ट मात्र व्हॉल्व्हच्या बाजूने बोलायलाच हवी. ट्रान्झिस्टरची ताकद संपते तेव्हा तो लाट वरून सपाट कापतो आणि ते कानाला टोचतं. व्हॉल्व्ह संपतो तेव्हा कडा गोल करत संपतो. सिंगल-एन्डेडमध्ये भर पडते ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे त्याच स्वराच्या वरच्या सप्तकातल्या भावाची. तो सुरातच असतो, म्हणून खपून जातो. लोक म्हणतात ना, व्हॉल्व्हचे वॉट मोठे असतात, ते याच्यामुळे. वॉट मोठे नसतात. मरताना ओरडत नाहीत, इतकंच.

दुसरी जोडी दाजींनी एका स्नेह्याकडून महिन्याभरासाठी आणली. छातीएवढे उंच टॉवर, चार-चार तोंडांचे, चकचकीत. सेन्सिटिव्हिटी ९० डेसिबल, ओहम ८. दोन्ही आकडे चांगले. दाजींनी विजयी मुद्रेने वायरी जोडल्या.

इथे दुसरा गुण उपटतो. स्पीकरच्या पाठीवर '८ ओहम' लिहिलेलं असतं, ते आपल्याकडे 'दहा मिनिटांत पोचतो' म्हणतात तेवढंच खरं असतं. तो आकडा सरासरीचा, भिडेखातर दिलेला. प्रत्यक्षात प्रत्येक स्वराला स्पीकरचा विरोध वेगळा. खर्जात कुठेतरी तो ३० ओहमच्या वर चढतो, मध्येच ३ वर घसरतो, पुन्हा चढतो. या चढउताराचा आलेख काढला तर सह्याद्रीची बाजूने काढलेली रेघ वाटावी. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला याचं सोयरसुतक नसतं, तो सगळीकडे सारखाच व्होल्ट देतो. फीडबॅक न लावलेल्या ३००बीचं तसं नाही. त्याचा स्वतःचा अंतर्गत विरोधच दोन-तीन ओहम, त्यामुळे स्पीकरचा डोंगर जिथे चढतो तिथे आवाजही चढतो, जिथे दरी तिथे आवाजाचीही दरी. म्हणजे गाणं कुठल्या सुरात मोठं व्हायचं हे गायकाने नाही, स्पीकरवाल्याच्या क्रॉसओव्हरने, म्हणजे खर्ज आणि वरचे सूर वेगवेगळ्या तोंडांना वाटून देणाऱ्या जोडणीने ठरवायचं.

दुसरी भानगड आवरण्याची. स्पीकरचा मोठा कोन एकदा हलला की थांबायला राजी नसतो. त्याला पकडून थांबवणं हे अ‍ॅम्प्लिफायरचं काम. ही पकड मोजतात, तिला डॅम्पिंग फॅक्टर म्हणतात. ट्रान्झिस्टरमध्ये तो शंभराच्या पुढे सहज जातो. दाजींच्या यंत्रात तीन.

परिणाम डग्ग्यावर झाला. तबल्यातली डावी बाजू ज्याने कधी समोर बसून ऐकली आहे, त्याला त्या घुमाऱ्याची मजा ठाऊक असते. मनगटाचा तळ चामड्यावर दाबत पुढे सरकतो, सूर वर चढतो, आणि थाप उचलली की संपतो. दाजींच्या घरात तो संपेना. विलंबित एकतालात मात्रा-मात्रांमध्ये एवढी जागा असते की माणूस पान लावून खाईल, ती सगळी जागा एकट्या डग्ग्याने भरून टाकली. 'धिं' पडला की पुढच्या बोलापर्यंत हुंकार चालूच. तबलजी फक्त हजेरी लावत होता, बाकी काम टॉवर करत होते.

यावर उतारा अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर असतो. तिथे ४, ८ आणि १६ असे आकडे लिहिलेले स्क्रू असतात. ते का, हे थोडक्यात. व्हॉल्व्हकडे व्होल्ट भरपूर आणि करंट किरकोळ. स्पीकरला पाहिजे उलटं. ३००बीला आपल्यासमोर साडेतीन हजार ओहम दिसले तर बरं वाटतं, आणि स्पीकर असतो आठचा. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसतो आणि वेटोळ्यांच्या प्रमाणाच्या वर्गाने हिशोब जुळवून देतो. एका बाजूला एकवीस वेटोळी तर दुसरीकडे एक, की आठाचे साडेतीन हजार दिसतात. सगळं यंत्र याच लोखंडावर उभं असतं. लोक व्हॉल्व्हचे फोटो काढतात, पण खर्ज येणार की नाही आणि वरचे सूर स्वच्छ राहणार की नाही, ते या काळ्या डब्यातलं लोखंड आणि तांबं ठरवतं. सिंगल-एन्डेडमध्ये त्या लोखंडातून सतत एकाच दिशेने करंट वाहतो, म्हणून गाभ्यात मुद्दाम फट ठेवावी लागते आणि गाभा आणखी मोठा करावा लागतो. पैसे जातात ते इथे.

आठ ओहमचा स्पीकर चारच्या स्क्रूवर लावला तर ताकद थोडी घटते, पण पकड सुधारते. ही युक्ती खरी आहे आणि दाजींना ती कोणीतरी सांगितली. झालं. रविवारी सकाळी मंडळी जमली. यात एक टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, एक कान-नाक-घसा तज्ज्ञ, एक आर्किटेक्ट आणि उपम्यासाठी मी. सरासरी वय साठीच्या पुढे. या वयात वरचे बारीक सूर कानापर्यंत कमीच पोचतात, असं डॉक्टर स्वतःच पेशंटना सांगतात. पण रविवारी सकाळी ते पेशंटांना सांगितलेलं सगळं विसरतात.

दाजी यंत्रामागे गेले, खुडबुड केली, बाहेर आले, रेकॉर्डची सुई पुन्हा त्याच जागी ठेवली.

"आता ऐका."

आम्ही ऐकलं. डग्गा आवरला होता. नुसता आवरला नव्हता, अंग चोरून बसला होता.

"फरक जाणवला?"

या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्याला पुन्हा कोणी बोलावत नसणार. इथे मात्र फरक खराच होता. डॉक्टर म्हणाले, केवढा मोकळा झाला आवाज. आर्किटेक्ट म्हणाले, भिंती गळून पडल्या. खरंच, रेकॉर्डवरची गायिका समोर एका ठिकाणी न बसता खोलीभर पसरली होती, थोडी सोफ्यामागे, थोडी बाल्कनीत. दाजी खुर्चीत मागे रेलले. "पकड," ते म्हणाले. "सगळा खेळ पकडीचा आहे." त्या आठवड्यात ही पकड ऐकायला माणसं येत राहिली.

पुढच्या रविवारी टेलिफोनवाल्या गृहस्थांचा चष्मा खाली पडला. तो शोधायला ते यंत्रामागे वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "साहेब, डाव्या स्पीकरची लाल वायर काळ्यावर आहे."

एका स्पीकरची लाल-काळी उलटी झाली की एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. खर्ज एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधली जागा विस्कटते. डग्ग्याला आवरलं होतं ते चार ओहमच्या स्क्रूने नाही, त्याला दोन्ही बाजूंनी मारून टाकलं होतं. वायर सरळ केली. गायिका सोफ्यामागून उठून जागेवर आली. डग्गाही आला, हुंकारासकट, पूर्वीपेक्षा थोडा कमी. कोणी काही बोललं नाही. आर्किटेक्टनी उपमा चांगला झाल्याचं सांगितलं.

टॉवर परत गेले आणि दाजी इतिहासात शिरले. इतिहास त्यांच्या बाजूने आहे, हे मान्य करायला हवं. बोलपट आले तेव्हा, म्हणजे १९२० च्या दशकाच्या शेवटी, सबंध थिएटर भरायला जे अ‍ॅम्प्लिफायर वापरले ते फार तर दहा-वीस वॉटचे होते. पुरले, कारण समोर मोठाले कर्णे होते, शंभर डेसिबलच्या आगेमागे. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, तो व्हॉल्व्हच्याच जोरावर लोकांनी ऐकला. जुन्या हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत 'आरसीए' नाहीतर 'वेस्ट्रेक्स' ही अक्षरं दिसतात, ती याच जमान्यातल्या ध्वनियंत्रणांची. १९४० च्या दशकात आल्टेकने 'व्हॉइस ऑफ द थिएटर' नावाची कपाटं काढली, तीही अशीच काटकसरी. पुढे ट्रान्झिस्टर आले, वॉट स्वस्त झाले, कर्णे भंगारात निघाले, आणि सत्तरच्या दशकापासून जपानी लोकांनी अमेरिकेतल्या जुन्या थिएटरांचं सामान बोटीत भरून आपल्याकडे नेलं. आठ वॉटच्या ट्रायोडची आजची पूजा तिथे सुरू झाली. तोवर इंग्लंडात विल्यमसन नावाच्या इंजिनिअरने १९४७ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात पंधरा वॉटच्या पुश-पुल अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा छापून विकृती एक दशांश टक्क्यावर आणून ठेवली होती. प्रश्न तिथेच सुटला होता. पण सुटलेल्या प्रश्नांत निवृत्त माणसाचा वेळ जात नाही.

इतिहासातून दाजी क्लिप्शहॉर्नपर्यंत पोचले. पॉल क्लिप्श या अमेरिकन इंजिनिअरने १९४६ च्या सुमारास विकायला काढलेला हा स्पीकर अजून बनतो. सेन्सिटिव्हिटी १०५ च्या आसपास. म्हणजे दाजींच्या इंग्लिश जोडीला जिथे शंभर वॉट लागतात, तिथे याला एकही नको. अट एकच: तो कोपऱ्यात बसला पाहिजे, कारण घराच्या दोन भिंती हाच त्याच्या कर्ण्याचा शेवटचा भाग. दोन स्पीकर म्हणजे एकाच भिंतीचे दोन मोकळे कोपरे.

मराठी दिवाणखान्यात मोकळा कोपरा ही काय चीज आहे याची क्लिप्शसाहेबांना कल्पना नसावी. दाजी मोजपट्टी घेऊन फिरले. पहिल्या कोपऱ्यात चपलांचं कपाट, त्याच्यावर विजेची बिलं आणि गाडीच्या किल्ल्या. दुसऱ्यात बाल्कनीचं दार. तिसऱ्यात देव्हारा. चौथ्यात फ्रिज, कारण स्वयंपाकघरात तो मावला नाही.

"देव्हारा थोडा सरकवला तर," दाजींनी सुरुवात केली.

"सरकवा की," ताई म्हणाली. "माळ्यावर तुमच्याच शेजारी जागा आहे."

क्लिप्शहॉर्नचा विषय तिथे संपला.

मधल्या काळात इलेक्ट्रोस्टॅटिकचंही वेड येऊन गेलं. क्वाडचे पीटर वॉकर यांनी १९५३ मध्ये पंधरा वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर काढला आणि १९५७ मध्ये कोनच नसलेला, ताणलेल्या पातळ पडद्यावर हजारो व्होल्ट ठेवून वाजणारा स्पीकर. ही दोन एकाच घरात वाढलेली, त्यामुळे एकमेकांशी गोडीने वागतात. वरच्या सुरांना त्या स्पीकरचा विरोध दोन ओहमच्या खाली जातो. क्वाडचा अ‍ॅम्प्लिफायर ते समजून घेतो, दाजींचा घेतला नसता. शिवाय पडद्यावर हजारो व्होल्ट, आणि हवेत आपला जुलै. एवढ्यावर मी तो विषय मिटवला. आपल्याकडे हे धाडस करणारेही आहेत. पुण्याच्या केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा आणि साधा कोन एकत्र करून स्पीकर बनवले, व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायरही बनवले. कोचीच्या रेदमने नेमके दाजींसारख्यांसाठी, थोड्या वॉटवर गाणारे स्पीकर काढले. आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी बनवलेले छोटे व्हॉल्व्ह आज परदेशातले गिटारवाले शोधत असतात. आपण ते रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, विसरून गेलो.

शेवटी काम झालं ते सुताराकडून. टेलिफोनवाल्यांनी एक बारा इंची, कागदी कोनाचा, हलका फुल-रेंज ड्रायव्हर सुचवला. ९६ डेसिबल, क्रॉसओव्हर नाही, ओहमचा आलेख खर्जातली टेकडी सोडली तर बऱ्यापैकी सपाट. त्याला १९ मिलिमीटर मरीन प्लायची पेटी लागते, कमरेच्या वर येणारी. सुताराला कागदावर आकृती काढून दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"साहेब, कप्पे किती?"

"कप्पे नाहीत."

"दार?"

"दार नाही. पुढे एक मोठं भोक, खाली एक लहान."

सुतार बराच वेळ गप्प होता. मग त्याने हळूच विचारलं, "कुत्रा कुठला आणताय?"

पण पेटी त्याने अशी बनवली की सांध्यातून कागद जाऊ नये. त्याचं बिल हा सगळ्या व्यवहारातला सर्वांत छोटा आकडा, आणि आवाजात फरक पडला तो त्याच्यानेच. दोन्ही पेट्या भिंतीपासून हातभर पुढे ठेवल्या, लाल-काळी तिघांनी तपासली. पुन्हा तेच भीमसेन. या वेळी बटण निम्म्यावर जायच्या आतच पंडितजी तारसप्तकात जाऊन आले. डग्ग्याचा हुंकार थोडा जास्तच आहे, पण आता तो बोलाबरोबर येतो आणि बोलाबरोबर जातो. ताई मिक्सर बंद करून दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. तिच्याकडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ.

टेलिफोनवाल्यांनी मीटर लावून मोजलं. खुर्चीत बसून सुखाने ऐकायचा आवाज साधारण ७५ डेसिबल. त्याला या स्पीकरवर लागतात एका वॉटचे दोन-तीन शतांश. तान आली, थाप पडली तर क्षणभर एखादा वॉट. बाकीचे सात वॉट नुसते बसून असतात, पगारी. हिशोब ऐकून दाजी गंभीर झाले.

"मग २ए३ सुद्धा चालला असता," ते म्हणाले. "साडेतीन वॉटचा. स्वस्तही मिळत होता."

ताई आत निघून गेली.

तुमच्या मनात हे खूळ शिरलं असेल तर क्रम तेवढा उलटा धरा. आधी स्पीकर ऐका आणि निवडा, कारण आवाजाला चेहरा तोच देतो. त्याचे डेसिबल बघा. ९५ च्या पुढे असतील तर आठ वॉट राजेशाही आहेत. ८८-९० असतील, खोली लहान असेल आणि तुम्ही ख्याल-भजन ऐकणारे असाल, तरी आठ वॉटमध्ये निभतं. ऑर्केस्ट्रा ऐकणारे असाल तर निभत नाही. ८५ च्या खाली असतील तर निमूट पुश-पुल घ्या, सच्चेपणाच्या गप्पा मारणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. ओहमचा नुसता आकडा विचारू नका, आलेख मागा. दुकानदाराकडे तो नसेल तर दुसरं दुकान बघा. आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका. दिवाळीच्या साफसफाईत कोणी वायर काढून ठेवली असेल तर आधी ती लावा. मोकळ्या वायरीवर गाणं सुरू झालं की ट्रान्सफॉर्मर आतल्या आत जळू शकतो, आणि तो गुंडाळून देणारे कारागीर आता फार थोडे उरलेत.